कुंपणाची ट्रायल

ता. ४ मार्च
चि. टाचणीस आशीर्वाद.

चौथा खड्डा खणताना पहार दगडावर बसली, म्हणून काम थांबवून कागद घेतला. आपल्या दोघांच्या जागेच्या मध्ये महिनाअखेरपर्यंत कुंपण हवं, असं तू कळवलंस. तुझा अर्धा भाग घेणाऱ्या दंतवैद्यांची ती अट असेल, तर माझी काय हरकत.

अंतर शिवणाच्या टेपनं घेतलं. टेप साठ इंचांची, हद्द बासष्ट फुटांची. दोनदा मोजलं तर आकडे निराळे आले, तिसऱ्यांदा आणखी निराळे. तुझी वहिनी म्हणते, हे मोजत नाहीत, वेळ काढतात. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.

गुडघे कसे आहेत? ड्यूटीवर वॉर्डात बसायला स्टूल मागून घे.

तुझा दादा

ता. ९ मार्च
ती. दादास सा. न. वि. वि.

चाळीस वर्षं लोकांच्या बाह्या मोजणाऱ्या शिंप्याला एक सरळ रेघ मोजता येत नाही, हे वॉर्डात वाचून दाखवलं. पोटाला टाके असलेले दोन पेशंट हसले. आता त्यांची जबाबदारी तुझ्यावर.

गवंड्याची दोरी घे. खांब उभे कर, सिमेंट ओत, जाळी ताण. निवृत्तीनंतर मला हॉस्पिटलजवळच दोन खोल्या घ्यायच्या आहेत, लिफ्ट असलेल्या. जागा विकल्याशिवाय ते जमणार नाही, हे तुला माहीत आहे.

वहिनीला नमस्कार. तिचं बरोबर आहे.

टाचणी

ता. १८ मार्च
चि. टाचणीस आशीर्वाद.

आठही खांब उभे आहेत. सिमेंट घातलेलं नाही, नुसती माती दाबली आहे. जाळी सुतळीनं बांधली आहे. कच्ची शिलाई समज. गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून पाहिल्याशिवाय मी एकही कोट पक्का केलेला नाही. तू ये, ट्रायल दे, कुठे तंग आणि कुठे ढगळ ते सांग. मग पक्कं करू.

दंतवैद्य येऊन गेले. रांगेकडे बराच वेळ पाहून म्हणाले की तिसरा जरा पुढे आला आहे, तार बांधून सहा महिने ठेवला तर मागे सरकेल. मग ते पाचव्याला टेकले. पाचवा आडवा झाला, तेही झाले. तुझ्या वहिनीनं उठवून चहा दिला. माणूस वाईट नाही.

केव्हा येतेस?

दादा

ता. २३ मार्च
ती. दादास सा. न. वि. वि.

दंतवैद्यांचं पत्र आलं. कोपर खरचटलं आहे. महिनाअखेर कुंपण पक्कं दिसलं नाही, तर ते दुसरी जागा बघणार आहेत.

दादा, कुंपण कुणी अंगात घालत नाही. शाळा सुटल्यावर तुझ्याजवळ बसून मी काजं केली आहेत. कच्चे टाके कशासाठी असतात, मला ठाऊक आहे. उसवता यावं म्हणून.

हसून झालं. आता एक विचारते. ही अर्धी जागा चौदा वर्षं मोकळी आहे. इतक्या वर्षांत तू एकदाही म्हणाला नाहीस, की इथे येऊन राहा. विकते म्हणून कळवलं, तेव्हाही 'बरं' एवढंच लिहिलंस. मनात असेल तर लिही. नसेल तर सिमेंट ओत. काय ते उलट टपाली.

टाचणी

ता. २६ मार्च
चि. टाचणीस आशीर्वाद.

मनात आहे. इथे येऊन राहा.

विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस, तर रोज मशीनवर बसून त्या मोकळ्या जागेकडे बघावं लागलं असतं. इथे लिफ्ट नाही. पण बैठंच घर बांधू, उंबऱ्याशी पायरीसुद्धा ठेवायची नाही.

तुझी वहिनी म्हणते, दोन ओळी लिहायला ह्यांना आठ खड्डे खणावे लागले.

दादा

ता. ३० मार्च
ती. दादास सा. न. वि. वि.

दंतवैद्यांना नाही म्हणून कळवलं. कोपराची विचारपूसही केली.

शिलकीत दोन खोल्या बांधून होतील. लिफ्टच्या घराला ती पुरत नव्हती. मात्र माझ्या अटी ऐक. घराचं मोजमाप गवंडी घेईल, तू नाहीस. माझ्या गुडघ्यांचा विषय दिवसातून एकदाच निघेल. आणि मधलं ते कुंपण काढून रस्त्याच्या कडेला लाव, भटकी कुत्री आत येतात असं वहिनीनं लिहिलं आहे. मी जूनमध्ये येते. ट्रायलला नाही, राहायला.

लोभ आहेच. तो टेपनं मोजायला जाऊ नकोस.

टाचणी

ता. ३ एप्रिल
चि. टाचणीस आशीर्वाद.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. आज सकाळी सातला गवंडी आला. मधले आठही खांब हातानं ओढले, तसे निघाले. रस्त्याच्या कडेनं नवे खड्डे घेऊन त्यांत ते उभे केले आणि सिमेंट ओतलं.

दादा