मेम्ब्रेनचा तुकडा आणि माझा दोर

मी, सहदेव भागुजी शेजवळ, वय सत्तावन्न, राहणार मेघवाडी, जोगेश्वरी पूर्व, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. प्रकृती ठणठणीत आहे. दबाव म्हणाल तर आहे, पण तो गप्प बसण्याचा, लिहिण्याचा नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मरायची घाई मला कधी नव्हती, आजही नाही.

१. राहती खोली माझ्या स्वकष्टाची आहे. ती आणि बँकेतली ठेव माझी पत्नी कमल हिला मिळावी. थोरला भाऊ भीमराज याने हक्क सांगू नये. वडिलांचा रेडिओ त्याने नेला आणि मोडला, तेवढा वाटा पुरे झाला.

२. पाने-पकडींची पेटी कारखान्यातला माझा जोडीदार चंद्रप्रकाश याला द्यावी. त्यात चौदा नंबरचा पाना नाही. तो त्यानेच हरवलाय.

३. खाटेखालच्या स्टीलच्या डब्यात मेम्ब्रेनचा तुकडा आहे. तो माझी मुलगी चेतना हिला. याचा खुलासा करणे भाग आहे.

कर्णिक साहेबांच्या क्रोम-प्लेटिंगच्या कारखान्यात सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र मी चालवतो. त्यातलं मेम्ब्रेन म्हणजे जाड कापडी आधार आणि त्यावर दुधाच्या सायीहून पातळ थर. क्रोमचं विष तो थर अडवतो. बसवणाऱ्याने बजावलं होतं, ब्लीच लावायचं नाही. पण मी पंचवीस वर्षं टाक्या ब्लीचने धुतलेला माणूस. नाकात वास भरल्याशिवाय काही स्वच्छ झालं असं मला वाटतच नाही. जानेवारीत मेम्ब्रेन चोंदलं, मी ते ब्लीचने धुतलं. पाणी भसाभसा यायला लागलं आणि मी खूश! ब्लीचने तो थर खलास झाला होता; डब्यातला तुकडा त्याचाच. अरे, मूर्खपणाला काही सीमा?

त्या पाण्याचा एक नळ भिंतीबाहेर वस्तीला दिलेला आहे, धुण्या-भांड्यांसाठी. दुसरं पाणी पुरत नाही म्हणून लोक तेच पितात. चेतना वस्तीत बालवाडी चालवते, तिथल्या पोरांची खिचडी त्यातच शिजत होती. मार्चमध्ये मी पाणी तपासून घेतलं, क्रोम निघालं. साहेब म्हणाले, "शेजवळ, मोठ्या ऑर्डरचं इन्स्पेक्शन होऊ द्या. तोवर तोंड बंद." चेतनाने बालवाडीत ते पाणी बंद केलं. वस्तीत सांगायला गेलो तर बायका म्हणाल्या, "काका, एकदम झकास पाणी आहे, बघा ना!" विष दिसत नाही हीच तर भीती आहे. बालवाडीतली ती पोरं डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

४. सोमवारी मी अहवाल जोडून सरकारकडे तक्रार टपालाने पाठवली. तिची प्रत डब्यात आहे. बुधवारी साहेबांना कळलं. ते चिडले नाहीत. समोर बसवून चहा पाजला, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. मग म्हणाले, "रविवारी गाळाची टाकी साफ करून टाकू. सुट्टी आहे, चंद्रप्रकाशला बोलावू नका. मी आहे ना." मला त्यांची भीती वाटते, म्हणून हे मृत्युपत्र. लपवत नाही.

तरी मी जाणार. बाहेरच्या नळाचा वॉल्व आतल्या खोलीत आहे आणि किल्ली साहेबांच्या खिशात. टाकीच्या कामासाठी खोली रविवारीच उघडेल. वॉल्व बंद करून त्याचा दांडा काढून आणायचा आहे. चूक माझ्या हातची, ती माझ्याच हाताने थांबावी.

५. माझा नायलॉनचा दोर चंद्रप्रकाशला. त्याशिवाय मी एकाही टाकीत उतरलेलो नाही. एक टोक माझ्या कमरेला, दुसरं त्याच्या मुठीत. सगळे चिडवतात, "शेजवळ, लग्नालापण दोर बांधून उभा होतास का रे?" चिडवू देत. साऱ्या कारखान्याला ही सवय ठाऊक आहे, तेवढं बस.

६. माझ्यामागे हारतुरे नकोत. बुद्धवंदना पुरे. कमल, आधी चेतनाला नळ बंद झाला का ते बघायला पाठव, मग रड.

७. रविवारी मी दोर घरीच ठेवणार आहे, दारामागच्या खुंटीला. मी टाकीत सापडलो तर कोणीतरी हळहळत सांगेल, शेजवळ गाळ काढायला उतरले आणि पाय घसरला. त्याला घरी आणा आणि खुंटी दाखवा.

ठिकाण: जोगेश्वरी पूर्व
दिनांक: १० मे २०२५, शनिवार

सही: सहदेव भागुजी शेजवळ

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली:
१. नीला गमरे, परिचारिका, शेजारीण
२. नंदकुमार पेडणेकर, निवृत्त शिक्षक. (मी त्यांना जाऊ नका म्हणालो. ऐकले नाही.)