तोफूवाल्याचा ट्रक

१२ ऑक्टोबर १९९७, कावासाकी
आज परत ओलू-सानशी भांडलो. तो नायजेरियाचा, यार्डाचा मालक. माझा बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, त्याच्याकडे — जुने जपानी ट्रक धुऊन लागोसला पाठवायचे. म्हटलं, तुमचं सैन्य सिएरा लिओनमध्ये कशाला तडमडतंय? दुसऱ्यांच्या घरची भांडणं! तो म्हणाला, बंडवाल्यांनी सरकार हाकललं, ते परत बसवायला. तू आधी टायर धू.
आणि नुपूर तिथेच, फ्रीटाउनला. तिच्या बाबांची, विश्वनाथकाकांची बदली. मी विचारलेल्याचं उत्तर न देता गेली.

१९ ऑक्टोबर
एका तोफूवाल्याचा छोटा ट्रक आला. दारावर दुकानाचं नाव. ओलू-सान म्हणतो, जपानी अक्षरं पुसायची नाहीत. गाडी अस्सल जपानी म्हणून लागोसला ती बघूनच भाव मिळतो. मग मी खाली पांढऱ्या रंगाने मराठीत मोठ्ठं लिहिलं — नुपूर, हो म्हण. त्याला तेही जपानीच वाटलं. खूष!

२० ऑक्टोबर
दादाला सांगितलं, ट्रक आफ्रिकेतच जातोय, दिसेल तिला. त्याने नकाशाच काढला. लागोस ते फ्रीटाउन, मधे पाच देश. ‘इंजिनिअरिंग सोडलंस ते कळलं, भूगोल कधी सोडलास?’

१४ फेब्रुवारी १९९८
टीव्हीवर फ्रीटाउन. नायजेरियाचं सैन्य शहरात घुसलंय. धूर. आणि धुरातून — तोफूवाला! टपावर मशीनगन, मागे सैनिक कोंबलेले, दारावर माझं प्रेम. स्वप्नावहिनी लाटणं घेऊन तशीच उभी. म्हणाली, भाऊजी, अक्षर तुमचंच.
कावासाकीतल्या सगळ्या मराठी घरांतून फोन. नयनामावशी म्हणाल्या, ‘मुलीला बंदूक रोखून विचारतात का रे?’
यार्डातल्या टीव्हीवर दाखवून ओलू-सानला म्हटलं, हे बघ तुझं सैन्य! तो टायरच बघत बसला. म्हणे, अजून चकचकीत आहेत.
तिच्या घराचा फोन लागत नाही.

१७ फेब्रुवारी
लागत नाही.

२३ फेब्रुवारी
नुपूरचा फोन! शेजारच्या देशातून, कोनाक्रीहून. जिवंत आहेत. गोदामात कोंडून घेतलं होतं. बाहेर बंडवाले की सैन्य, कळेना. काका कुणालाच दार उघडेनात. मग फटीतून त्यांनी ट्रक वाचला. म्हणाले, आपल्या माणसाची गाडी आहे, चला. सैनिकांनी बंदरावर सोडलं.
‘आणि मी विचारलेलं?’
‘चढताना बाबा म्हणाले, आधी हो म्हण, मग चढ.’
‘मग?’
‘चढले ना.’