हाताला कळणारं कुंपण

आगाशी,
रविवार, मिस्सा आणि जेवण आटोपून

प्रिय ॲंजेला,

रोज संध्याकाळी फोनवर बोलणाऱ्या बापाचं टपालाने पत्र आलं म्हटल्यावर तू आधी घाबरली असशील. घाबरू नकोस. तुझी मम्मी मागच्या पडवीत कोलंबी सोलत बसली आहे, मी पुढच्या पडवीत आहे, आणि दोघांचं पोट भरलेलं आहे. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी एक म्हणायला गेलो की तू पुण्यातल्या तुझ्या ऑफिसातलं, तुझ्या पुलांच्या नकाशांचं काहीतरी सांगून हसवतेस आणि विषय निसटतो. कागदावर मला कोणी मधे अडवणार नाही. अक्षर मोठं दिसेल. चित्रकलेची वही आणि काळा स्केचपेन घेऊन लिहितो आहे, म्हणून पाकीट एवढं जाड.

मला तुला कुंपणाबद्दल सांगायचं आहे. यंदा मे महिन्यात आलीस तेव्हा तू पाहिलंस, की फाटकावरची बोगनवेल गेली, तारांना हिरवं काहीतरी चढलं, आणि मागच्या दारापासून विहिरीपर्यंत पाइपाचा मांडव झाला. तू विचारलंस, "हे कशासाठी?" मी म्हणालो, रिटायर माणसाला उद्योग हवा. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं.

सुरुवात गेल्या वर्षी जानेवारीत झाली. आगाशीच्या बाजारातून स्कूटरने येत होतो. मासळीवाली एक बाई उजव्या बाजूने रस्ता ओलांडत होती, ती मला दिसलीच नाही. आरशाचा धक्का तिच्या टोपलीला लागला, टोपली पडली, बोंबील रस्ताभर झाले. बाईला काही लागलं नाही. तिने मला दहा शिव्या दिल्या आणि मी तिच्यासोबत खाली बसून बोंबील गोळा केले. एकतीस वर्षं एसटी चालवली मी. कसारा घाटात धुक्यात गाडी काढली, कधी कोणाला ओरखडा नाही. आणि ही बाई हातभरावर असून दिसली नाही. घरी येऊन मम्मीला म्हणालो, गुडघे दुखतात, आता स्कूटर नको. स्कूटर शेजारच्या बेसिलच्या मुलाला देऊन टाकली. पुढच्या आठवड्यात बँकेत जातो सांगून एकटाच डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो.

काचबिंदू निघाला, बाय. उजवा डोळा जवळजवळ गेलेला. डाव्याने समोरचं दिसतं, पण बाजूचं नाही, जसं एखाद्या पाइपातून बघावं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, थेंब टाकून उरलेली जितकी टिकेल तितकी टिकवायची. पाच वर्षं टिकेल की दहा, ते सांगता येत नाही. मी थेंबाची बाटली रोजरीच्या माळेच्या डबीमागे ठेवली आणि कोणालाच बोललो नाही. चार महिने. का, ते मला नीट सांगता येत नाही. ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या भरवशावर पन्नास माणसं झोपून प्रवास करतात. त्या डोळ्यांबद्दल कोणी हळहळलेलं मला ऐकवणार नव्हतं.

मग गेल्या वर्षीच्याच मे महिन्यात बोगनवेलीने मला पकडून दिलं. फाटक लावताना उजवीकडून एक फांदी लोंबत होती. मला दिसली नाही, काटा पापणीत घुसला. रक्त पाहून मम्मी घाबरली. मी म्हणालो, ही बोगनवेल काढून टाकायची, दुसरी वेल लावू. मम्मीला नवल वाटलं, कारण ती वेल तुझ्या पहिल्या कम्युनियनच्या वर्षी मीच लावली होती आणि खारा वारा, मचूळ पाणी, सगळं सोसून ती वीस वर्षं टिकली होती. खरं सांगायचं तर आपल्या मातीत तिच्याइतकी चिवट दुसरी वेल नाही. पण काटे.

तेव्हा बेसिलने सांगितलं की जूचंद्रला शत्रुघ्न म्हात्रे म्हणून एकाची नर्सरी आहे, वेली त्याच्याकडेच घ्या. आम्ही दोघं रिक्षाने गेलो. मम्मी कुंड्यांतल्या ऑर्किडपाशी रमली. शत्रुघ्न चाळिशीचा माणूस, घरची भातशेती होती, तिथेच आता नर्सरी. माल दाखवण्याआधी त्याने मलाच प्रश्न विचारले. विहिरीचं पानी कसा हाय, खारा का गोडा? समुद्राचा वारा थेट येतो का मधे झाडं हायेत? पावसात मुळाशी पानी तुंबतं का? एखादा डॉक्टर विचारतो तसं. मी म्हणालो, मला वासाच्या वेली हव्यात, आणि त्याही वेगवेगळ्या वासाच्या. फाटकाला एक, मांडवाला एक, विहिरीला एक.

त्याने मला एका वेलीपाशी नेलं आणि म्हणाला, "ही घ्या, आता भरात हाय." मी पुढे झालो, वाकलो, पण झुबका माझ्या उजव्या हाताला होता आणि मी डावीकडे शोधत होतो. तो हळू आवाजात, मम्मीला ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "काका, तुमाला फुलां दिसत नाय ना?"

त्या माणसाला मी दहा मिनिटांपूर्वी पहिल्यांदा भेटलो होतो. आणि त्यालाच मी सगळं सांगितलं.

त्याने हळहळ केली नाही. त्याच्या आजीचे डोळे असेच गेले होते, असं सांगितलं. मग म्हणाला, "वासावर भरोसा ठेवू नका. फूल दोन महिने, मग काय करनार? पान बारा महिने असतं. हातानं निवडा." त्याने मला डोळे मिटायला लावले आणि एकेका वेलीचं पान हातात दिलं. मधुमालतीचं पान मऊ, बारीक लव असलेलं. भिंतीला चिकटून चढणारी ती बारक्या पानांची वेल असते ना, फायकस म्हणतात तिला, तिचं पान नखाएवढं, भिंतीवर एकाला एक लागून, जणू भिंतीला खवले आलेत. लसणवेलीचं पान मोठं, गुळगुळीत, आणि चुरगळलं की हुबेहूब लसूण. मी तिथे डोळे मिटून उभा असतानाच मम्मी मागे येऊन उभी राहिली होती. तिने किती ऐकलं मला माहीत नव्हतं.

घरी येऊन तिने चहा ठेवला, आणि चहा ओतताना म्हणाली, "थेंबाची बाटली रोजरीमागे ठेवतोस ती मी फेब्रुवारीतच पाहिली. मला वाटलं, कधीतरी सांगशील." एवढंच. मग मात्र ती रडली, आणि मीही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोजपट्टी घेऊन अंगणात उतरली आणि त्या दिवसापासून हे काम माझं राहिलं नाही, तिचं झालं.

कुठल्या जागी काय, यावरून आमची रोज भांडणं झाली. मी म्हणत होतो फाटकाला जुई लावू. ती म्हणाली, नाजूक वेल रस्त्याच्या धुळीत आणि पश्चिमेच्या वाऱ्यात टिकणार नाही. मी हट्टाने लावली. पहिल्याच पावसात मुळाशी पाणी साचलं आणि महिन्याभरात ती पिवळी पडून गेली. मग तिथे तिच्या म्हणण्याप्रमाणे मधुमालती आली. आता तिने फाटकाची कमान पुरी झाकली आहे. दिवेलागणीला फुलं उमलतात तेव्हा पांढरी असतात, दोन दिवसांत लाल होतात, हे मला अजून दिसतं. वास तर पार बेसिलच्या ओट्यापर्यंत जातो. शत्रुघ्नने बजावलं होतं की हिचं वजन फार, बांबूची कमान दोन पावसांत बसेल, म्हणून लोखंडी पाइप घातले. ते त्याने बरं सांगितलं.

शेजारच्या नव्या बिल्डिंगची ती उघडी भिंत आठवते, जिच्याकडे बघून तू दरवेळी तोंड वाकडं करायचीस? तिच्या बाजूने घराकडे येताना मी दोनदा ठेचकाळलो होतो. तिथे फायकस लावली. पहिलं वर्षभर ती हललीच नाही. मी तर उपटायला निघालो होतो. या पावसाळ्यात एकदम चढली, आता माझ्या खांद्याच्या वर आहे. उजवा हात भिंतीवर ठेवून मी फाटकापासून पायरीपर्यंत येतो. पानं संपली की पायरी आली.

कृष्णकमळही लावून पाहिलं. सुरवंटांनी आठ दिवसांत नुसते देठ ठेवले, ते सोडून दिलं. मांडवाला पानवेल लावायचा विचार मम्मीचा. माझ्या वडिलांचा पानमळा होता, तिला या घरात सून म्हणून आल्यावर पहिलं काम पानं खुडायचं मिळालं होतं. मला वाटलं, उन्हात जळेल. पण मागेही मधुमालतीचं एक रोप लावून ते वर सावलीला चढवलं आणि खाली पाइपांना पानवेली बांधल्या, त्या लागल्या. थंड, टोकदार पान हाताला लागलं की मी मांडवात आहे हे कळतं. कमरेच्या उंचीवर एक आडवा पाइप ठेवला आहे, तोच माझा दांडा.

आणि विहिरीला लसणवेल. यावर मात्र आमचं दोघांचं पहिल्यापासून एकमत होतं. कठड्याच्या चार पावलं आधी, दांड्याच्या टोकाला ती आहे. मोठं गुळगुळीत पान हाताला लागलं, चुरगळलं, लसूण आला, की थांबायचं. नाक चोंदलं असेल तर हात आहे, हात ओला असेल तर नाक आहे. सध्या तिला जांभळी फुलं आली आहेत, शेजारणी बघायला येतात. मम्मीने तिची पानं एकदा कोलंबीच्या कालवणात घालून पाहिली. मी दोनदा वाढून घेतलं आणि तिने मला मुद्दाम उशिरा सांगितलं.

गेल्या महिन्यात तिने काय केलं ऐक. एका सकाळी स्वतःच्या डोळ्यांना टॉवेल बांधला आणि म्हणाली, मी फाटकापासून विहिरीपर्यंत जाते, तू फक्त बघ, बोलू नकोस. मी चार पावलं मागे राहून माझ्या त्या पाइपासारख्या नजरेने बघत होतो. भिंतीवर हात, पायरी, घराच्या कडेने मागचं दार, मग दांडा, पानवेली. लसणवेलीपाशी ती थांबली, पान चुरगळलं, हुंगलं आणि टॉवेल काढला. माझ्याकडे वळून म्हणाली, "आता मला झोप लागेल." ॲंजेला, तोवर तिला वर्षभर झोप लागत नव्हती हे मला माहीत नव्हतं.

त्यानंतर रोज सकाळी मी डोळे मिटून ती फेरी करतो. पहिल्या आठवड्यात दोनदा चुकलो. आता पाणी शेंदून झाडांना घालून परत येतो आणि मम्मी स्वयंपाकघरातून वाकूनही बघत नाही. तिचं ते न बघणं मला फार बरं वाटतं. पुढे नजर जाईल तेव्हा जाईल. रस्त्यावर मला काठी लागेल, कोणाचा तरी हात लागेल, त्याची तयारीही चालू आहे. वसईला एक संस्था आहे, तिथे काठी वापरायला शिकवतात. पुढच्या सोमवारपासून मी जाणार आहे. पण या आवारात मी कोणाचा हात धरणार नाही.

आता मुद्द्याचं. काल मम्मीने मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, की तीन आठवड्यांपूर्वी तिने तुला माझ्या डोळ्यांचं सांगून टाकलं. म्हणजे तीन आठवडे तू रोज फोनवर मला हसवत होतीस आणि मी तुला गुडघ्यांचं सांगत होतो. आपण दोघं एकाच वळणाचे आहोत. दुसरी, की नॉर्वेचं ते पुलांचं तीन वर्षांचं काम तू नाकारते आहेस आणि आगाशीला येऊन राहायचं म्हणते आहेस. त्यांना शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे, असंही तिने सांगितलं. म्हणून हे एवढं कुंपण लिहून काढलं. फोनवर मी नुसतं "मी ठीक आहे" म्हटलं असतं, तू विश्वास ठेवला नसतास, आणि माझ्या गुडघ्यांच्या गोष्टींनंतर तुझं बरोबरच ठरलं असतं. बाय, तू माझ्यासाठी परत आलीस तर मला आनंद होणार नाही असं नाही. फार होईल. पण तो आनंद मला घ्यायचा नाही. हे पत्र गुरुवारी तुझ्या हातात पडेल. नाताळाला ये, आमच्याजवळ हवं तेवढं राहा, मला चालताना बघ, खात्री करून घे. पण शुक्रवारी त्यांना हो म्हणून कळव. आणि तिकडे गेल्यावर मला फोटो पाठवत बसू नकोस. जे दिसेल ते फोनवर सांग, सावकाश, काही न गाळता. मी ऐकत बसेन.

वाट बघत नसलेला, आणि तरीही तुझाच,
डॅडी