बाबांनी नेलेले बाण

वर्लिन,

बाबा पहाटेच हरणाच्या शिकारीला गेलेत. खुंटीवर तुझं धनुष्य नाही, पण तुझे बाण इथंच आहेत. त्यांनी माझे नेलेत. तुझे हात लांब, धनुष्य त्याच मापाने लावलेलं, आणि माझे बाण आखूड. दोरी पुरती ओढली की बाणाचं टोक टेकायच्या जागेवरून मागे घसरणार, आणि सोडली की पातं थेट त्यांच्याच हातात घुसणार. दलदलीत फोन लागत नाही, म्हणून मी ओढ्याकाठच्या मचाणाकडे निघालेय. हाका मारत जाणार. हरणं पळाली तर पळू देत. बाबा सगळा मोसम माझ्याशी बोलले नाहीत तरी चालेल.

कारखान्यातून आलास की कोट काढत बसू नकोस. शेजारच्या कर्टिसला आणि प्रथमोपचाराची पेटी घेऊन ये. सूप नंतर गरम करू.

बाबांवर ओरडू नकोस. पण काल म्हणालास ना, बाबांना काही झालेलं नाही, वय झालंय एवढंच? अरे, ते बाण त्यांनीच माझा हात मोजून कापले होते, आणि तुझ्या धनुष्याला कधी लावू नकोस म्हणून मला दहादा बजावलं होतं.

मार्लिस