कारभारी आबांची अपुरी साक्ष

९ जानेवारी २०२५
नवीन वर्षाचा संकल्प: दावा जिंकणे. दावा आईच्या नावावर आहे, पण चालवतो मी. माझी बारावी राहिली असली तरी कायद्याची समज चांगली आहे. सुनीलच्या शेतातून आमच्या उसाकडे जाणारी गाडीवाट आमच्या हक्काची, एवढेच सिद्ध करायचे. गेल्या हंगामात त्याने वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या. ऊस डोक्यावरून काढावा लागला. आईची मान अजून दुखते. जुनी वाट पाहिलेला माणूस एकच उरला आहे: शेजारचे कारभारी आबा. त्यांचे शपथपत्र झाले आहे. फक्त उलटतपास बाकी. म्हणजे दावा खिशात.

१४ जानेवारी, संध्याकाळ
आबांची तयारी घेतली. विचारले, आमच्या आजोबांची गाडी तिथून जायची का? म्हणाले, "जायची की. पर सुनीलच्या आज्याला इचारून जायची."
मी म्हटले, शेवटचा भाग वगळा.
"का रं? इचारण्यात कसली लाज?"
समजावले, की विचारून गेलेली वाट कोर्टात हक्काची होत नाही.
"मंग न इचारता घुसणारा शाना व्हय?"
सरावाची गरज आहे.

६ फेब्रुवारी
तारीख होती. आबा सोनईच्या बाजारातून आणलेला नवा फेटा बांधून आले. म्हणाले, "आज मोकळं कर बाबा मला." पण सकाळच्या सरावात पुन्हा तेच "इचारून". त्यामुळे आमच्या वकील स्नेहल मॅडम यांना पुढची तारीख मागायला लावली. कारण: साक्षीदारास खोकला. आबा समोरच्या बाकावर शेंगा खात होते.
आई म्हणाली, "अमृत, म्हाताऱ्या माणसाच्या जिवावर तारखा घेऊ नको." आईला स्ट्रॅटेजी कळत नाही.

३ मार्च
आबा पहाटे गेले. फार वाईट वाटले. शिवाय उलटतपास राहिला.
त्यांच्या सूनबाई राहीबाई यांना धीर दिला आणि शेवटी काही बोलले का, विशेषतः वाटेबद्दल, असे सहज विचारले. "म्हणले, च्यात साखर घाल. डाक्टरनं बंद केल्ती, म्हणून म्या न्हाई घातली," असे म्हणून रडू लागल्या. लिहून ठेवले. दाव्यास उपयोग कमी.

५ मार्च
मॅडम म्हणाल्या, उलटतपास न झालेल्या शपथपत्राला वजन नाही. मी म्हटले, मग मी उभा राहतो, आबा मला काय म्हणाले ते सांगतो. म्हणाल्या, तो ऐकीव पुरावा. मेलेल्या माणसाचे बोलणे ठरावीक बाबतींतच चालते. भांडण लागल्यावर तुमच्या ओट्यावर बोललेले चालायचे नाही.
मॅडममध्ये कॉन्फिडन्स कमी आहे. यूट्यूबवर एक वकील सांगतात, चालते. त्यांची केस खुनाची होती, पण मरण ते मरणच.

१२ मार्च
आबांचा दहावा, प्रवरासंगमला. कावळा पिंडाला शिवेना. त्यांच्या मुलाने सांगितले, म्हशी विकणार नाही. ढिम्म. शेवटी मी पुढे होऊन हात जोडले: आबा, तुमची अपुरी साक्ष मी पुरी करतो. कावळा उडून पलीकडच्या लिंबावर गेला.
मागून सुनील म्हणाला, "आरं, आबा उलटतपासाला भ्यालं!" लोक हसले. दहाव्याला!
मग राहीबाई म्हणाल्या, "मामा, साखर घालते च्यात, या." आला आणि शिवला.
माझे मत: त्याने माझे आधीच ऐकले होते, यायला वेळ लागला. आबांची संमती आहे असे धरतो.

२ जुलै
माझी साक्ष झाली. कुठेही अडखळलो नाही. आबा म्हणाले होते की गाडी जायची, असे सांगताच सुनीलच्या वकिलांची हरकत: ऐकीव आहे. मी म्हटले, ऐकीव असेल, पण मी अचूक ऐकतो.
उलटतपासात वकील एकदम गोड झाले. म्हणाले, मग आबांचे वाक्य जसेच्या तसे सांगा बरं. मॅडम खोकल्या. त्यांना पाणी हवे असावे. मी शपथ घेतली होती, आणि अर्धे वाक्य सोडणे माझ्या स्वभावात नाही. पूर्ण सांगितले. "इचारून" सकट, आबांच्याच ठसक्यात. जजसाहेबांनी ते लगेच लिहून घ्यायला लावले. म्हणजे छाप पडली.

३० सप्टेंबर
निकाल. दावा नामंजूर. मॅडमनी समजावले: "जायची" हे ऐकीव, म्हणून धरले नाही. "इचारून" हे आमच्याच साक्षीदाराने उलटतपासात कबूल केले, म्हणून धरले. एकाच माणसाचे एकच वाक्य!
अपील करणार. आई म्हणाली, "आधी ऊस काढ."

१८ नोव्हेंबर
तोडणीची टोळी आली. आई डोक्यावर ओझ्याखाली ठेवायची चुंबळ घेऊन दारात बसली.
सुनीलकडे गेलो. चपला बाहेर काढल्या. ट्रॅक्टर नेऊ का, असे विचारले.
"ने की. तुझा आजा बी असाच दारात येऊन इचारायचा." त्याने स्वतः काट्या ओढल्या. चहा पाजला. साखर जास्त होती.
घरी येऊन त्याचे वाक्य लिहून ठेवले. आमचे आजोबा त्या वाटेने जायचे, हे त्यानेच मान्य केले. अपिलात चालेल. सुनीलची तब्येतही ठणठणीत दिसते, उलटतपास राहायचा नाही.