एका फोटोवरून

१२ मार्च

वाटी सरकली! गरम पाण्यानं विसळून ओल्या ओट्यावर पालथी ठेवली, तर आपली आपण चार बोटं पुढे गेली. ही म्हणाली, ओटा उतरता आहे, त्यात काय एवढं. आहे, केसभर उतरता आहे. पण थंड वाटी जागची हलत नाही, गरमच का हलते? चार वेळा करून बघितलं. पाचव्यांदा हिनं वाटी हातातून काढून घेतली.

दुपारी 'का बरं?' वर टाकलं. त्रेचाळीस माणसांचा आमचा ग्रुप, पण बरोबर उत्तर दोघांचंच. आत कोंडलेली हवा गरम वाटीनं तापते, फुगते, वाटीला जराशी उचलून धरते. मग पाण्यावरून घसरायला केसभर उतारही पुरतो. ग्रुप चालवणाऱ्या मास्तरांनी उत्तर वर टाचून ठेवलं. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी शाबासकी वर्गात दिल्यासारखीच देतात.

१५ मार्च

आज एकानं गुडघेदुखीचा काढा टाकला. काढला. काढा काढला! आजार, औषध, डॉक्टर — एक अक्षर चालणार नाही, हा नियम मीच करून घेतला होता मास्तरांकडून. दोन वर्षांपूर्वी याच भानगडीवरून निम्मा ग्रुप एकमेकांच्या उरावर बसला होता. मास्तर भिडस्त. वाईटपणा घ्यायला मी आहेच.

१९ मार्च

आजचा दिवस माझा!

सकाळी लेकीनं खारूचा फोटो पाठवला. नात आमची दीड वर्षाची. गालात घास साठवून तासभर हिंडते म्हणून खारूताई, तिची खारू. फोटोत उजवा डोळा फ्लॅशनं लाल आलाय, सगळ्यांचा येतो तसा. डावा मात्र पांढरा. मांजराचा चमकतो तसा. लेकीनं खाली लिहिलं होतं, असं का आलं बाबा?

तिनं विचारायला आणि मला सुचायला एकच गाठ पडली. फ्लॅशचा उजेड डोळ्याच्या पडद्यावरून परत येतो, तिथल्या रक्तानं लाल दिसतो. पण डोळ्याची शीर जिथून मेंदूकडे जाते, तेवढी जागा पांढुरकी असते. नजर नाकाकडे जराशी वळलेली असली की उजेड नेमका तिथून परततो. झालं! लेकीला समजावलं आणि तोच फोटो ग्रुपवर प्रश्न म्हणून टाकला.

काय रंगला ग्रुप! एकानं कोन मोजला. एकानं आरशानं प्रयोग करून पाठवला. शेवटी माझं उत्तर मास्तरांनी टाचलं आणि लिहिलं, तीस वर्षं चष्म्याच्या काचा उगाच नाही घासल्या यांनी. दुकानात मालकालाही वाचून दाखवलं.

मध्येच कुणी नव्या बाईंनी काहीतरी लिहिलं होतं. मी दुकानात सहाणेवर काच घासत होतो, हात ओले. दहा-एक मिनिटांनी बघितलं. पहिल्याच ओळीत 'डॉक्टर' दिसलं, काढून टाकलं. बाई लगेच ग्रुप सोडून गेल्या. नाकाला मिरच्या झोंबल्या असतील. नियम म्हणजे नियम.

२० मार्च

लेकीचा परत फोन. म्हणजे दाखवायला नको ना, बाबा? दोनदा विचारलं तिनं. म्हटलं, अगं काय दाखवायचं? फोटो दाखवायचा का डॉक्टरला? अर्धा तास परत सगळं समजावलं, कागदावर डोळा काढून त्याचा फोटोही पाठवला. बरं म्हणाली.

४ एप्रिल

कपात कॉफी ढवळताना चमच्यानं टकटक करत राहिलं तर आवाज चढत जातो. बुडबुडे निघून जातात म्हणून. हिला ऐकवलं. म्हणाली, आता प्या.

१६ मे

लिहायला हवं म्हणून लिहितोय.

लेक काल खारूला घेऊन राहायला आली. हिनं सकाळी मला आत बोलावून हळूच सांगितलं, पोरगी डाव्या बाजूनं दाराच्या चौकटीवर आपटते. आल्यापासून तीनदा. आणि डावा डोळा आत वळतो. मी म्हटलं, या वयात वळतो कधी कधी.

मग दुकानात लहान मुलांचं करतो तसं केलं. खारूला मांडीवर घेतलं, हातात किल्ल्यांचा जुडगा दिला. तळव्यानं डावा डोळा झाकला. किल्ल्या वाजवत राहिली. उजवा झाकला. माझा हात ढकलला, मान फिरवली, रडली. परत डावा. काही नाही. परत उजवा. किंचाळली. अजून एकदा केलं मी, पोर रडत असताना. शेवटी ही म्हणाली, पुरे करा.

डाव्या डोळ्यानं तिला दिसत नाही.

फोनमधले सगळे फोटो काढून बसलो. फेब्रुवारीपासूनचे. समोर बघतेय, वर बघतेय, आईकडे बघतेय — फ्लॅशचा प्रत्येक फोटो, तोच डोळा, पांढरा. नजर कुठेही असो. सात फोटो. माझं उत्तर एका फोटोला लागू होतं, सातांना नाही. आणि मी एकच बघितला! एका मापावरून निष्कर्ष काढलेला दिसला तर मीच लोकांना धारेवर धरतो ग्रुपवर.

आणि हे लिहिता लिहिता ते आठवलं. 'डॉक्टर'. पहिल्या ओळीत 'डॉक्टर' होतं.

१७ मे

डोळ्यांच्या मोठ्या रुग्णालयात. मी, लेक, जावई. खारूच्या डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बसवलं. डॉक्टरबाईंनी डाव्या डोळ्यात बघितलं, भिंग बदलून परत बघितलं. तपासणीच्या खोलीतली सगळी यंत्रं मला ओळखीची. कुठल्या भिंगातून काय दिसतं ते सांगू शकेन. त्या काय बघत होत्या ते मात्र मला दिसत नव्हतं.

उद्या भूल देऊन तपासणी. स्कॅन.

१८ मे

गाठ आहे. पडद्यावर. कर्करोगाची. डोळा जवळजवळ भरलाय. लहान मुलांनाच होतो हा म्हणे. उजवा डोळा पूर्ण स्वच्छ आहे, गाठ डोळ्याबाहेर गेलेली दिसत नाही. डावा काढावा लागेल, म्हणजे पोरगी वाचेल, असं डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. थांबायला वेळ नाही.

लेकीनं विचारलं, दोन महिन्यांपूर्वी आणलं असतं तर? बाई म्हणाल्या, डोळा वाचला असता की नाही, हे आज कुणीच सांगू शकणार नाही. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

१९ मे

त्या बाईंचा नंबर 'ग्रुप सोडला' या ओळीत सापडला. दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन फोन केला. मुलांच्या वॉर्डात नर्स आहेत, वीस वर्षं. मी कोण ते सांगितल्यावर पहिल्यांदा त्यांनी विचारलं, बाळ कसं आहे?

काय लिहिलं होतं ते मी विचारलं. त्यांना पाठ होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांना याच आठवड्यात दाखवा. आधीचे फोटो काढून बघा, तोच डोळा पुन्हा पांढरा असेल तर आजच जा.

तीन ओळी. तेवढं वाचायला मला कितीसा वेळ लागला असता? काढून टाकलंत तेव्हा राग आला म्हणाल्या, म्हणून निघाले; पण तुम्हाला वेगळा मेसेज करायला हवा होता, तो केला नाही, याची मला रुखरुख आहे. त्यांना रुखरुख! त्याच मला धीर देत राहिल्या.

२० मे

दहा मिनिटं होता तो मेसेज ग्रुपवर. कुणी वाचला असेल? मास्तरांना आडून आडून विचारलं, ते तेव्हा झोपले होते. बाकीच्यांना काय विचारणार? सगळ्यांची यादी काढून बसलो. नावापुढे नाव. अर्धे तर महिनोन्महिने फिरकत नाहीत. लेकीलाही मीच बळंबळं घातलंय त्यात, ती कुठली उघडतेय.

म्हणजे मला आणि त्या बाईंना सोडून कुणाला माहीत नाही. या विचारानं जरा बरं वाटलं. मग स्वतःचीच शिसारी आली.

लेकीला सांगायला हवं. पण आत्ता? ऑपरेशनच्या तोंडावर? तिला आणखी किती द्यायचं? ही माझी पळवाटही असेल. कळत नाही.

२१ मे

मास्तरांनी ग्रुपवर विचारलं, भिंगवाले आज गप्प का? 'का बरं?' लिहून खाली हसरा चेहरा. फोन बंद करून ठेवला.

२३ मे

झालं. सव्वा तास लागला.

आत नेताना खारू माझ्याकडे होती. माझ्या शर्टाचं बटण तोंडात होतं, सोडेना. शेवटी आतल्या बाईंनी गोड बोलून सोडवलं.

आम्ही बाकावर. लेक आणि ही एकमेकींना टेकून. जावई येरझाऱ्या घालत होता. मला कुणी काही काम सांगितलं नाही, पाणीसुद्धा कुणी मागितलं नाही. तीस वर्षं लोक मला विचारतात — दिसत नाही, काय करू? आणि मी काहीतरी करून देतोच. आज पहिल्यांदा हात रिकामे होते.

संध्याकाळी ती खाटेवर, डोळ्यावर पट्टी, हाताला सलाईन. मी थेंब बघत बसलो. थेंब चित्रात काढतात तसा टोकदार नसतो. नळीला असताना लांबतो, सुटला की गोल. ग्रुपवर टाकण्यासारखं आहे — असं मनात आलं! त्या क्षणी, तिथे! उठून जिन्यात जाऊन उभा राहिलो.

२४ मे

उठली. पहिल्यांदा आजीला ओळखलं. मग केळं मागितलं आणि गालात साठवलं. आम्ही चौघंही हसलो आणि चौघंही रडलो.

२८ मे

तपासणीचा कागद आला. गाठ पूर्ण निघाली. पुढची औषधं बहुधा नकोत, पण उजवा डोळा दर थोड्या महिन्यांनी बघत राहावं लागेल, कित्येक वर्षं. दोन महिन्यांनी बनावटी डोळा बसवतील. तो रंगवणारा माणूस उजव्या डोळ्याकडे बघून हुबेहूब रंगवतो म्हणे. कुणाला ओळखू येत नाही. लेक म्हणाली, मला येईल.

खारू लपाछपी खेळते. उजवा डोळा झाकून घेते आणि आम्ही सगळे नाहीसे झालो असं समजते. डावा झाकायची तिला गरजच नाही. ही हसून 'कुठे गेली गं' म्हणते आणि मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडते.

१ जून

सकाळी ग्रुपवर लिहायला घेतलं. फोटो, माझं उत्तर, मी काढलेला मेसेज, पुढे काय झालं, सगळं. चारदा लिहिलं, चारदा पुसलं. कुणाच्या घरात असाच फोटो असेल, त्यांना कळायलाच हवं. पण लेकीच्या आधी त्रेचाळीस लोकांना कसं सांगू? हे कारण आहे की भीती?

दुपारी मास्तरांना भेटून सांगितलं. म्हातारा माणूस, ऐकता ऐकता चष्मा काढून पुसत बसला. उत्तर टाचून मी ठेवलं होतं, म्हणाले. चहा निवला तसाच. निघताना म्हणाले, पोरीला तुम्ही सांगा. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

३ जून

आज सांगणार होतो. तिनं भाजी चिरता चिरता विचारलं, बाबा, तुम्ही हल्ली काही सांगत का नाही? वाटी, चमचे, काही म्हणजे काहीच नाही.

डोकं दुखतंय म्हटलं. भित्रा!

५ जून

सांगितलं. खारू झोपली होती, लेक कपड्यांच्या घड्या करत होती. मी दारात उभ्यानंच सगळं बोलून टाकलं — त्या बाई, तीन ओळी, नियम, न वाचता काढलं. तिनं हातातलं झबलं नीट घडी करून बाकीच्यांवर ठेवलं.

"वाचला होता मी तो मेसेज, बाबा. तुम्ही काढायच्या आधी. तुम्ही काढलात म्हणूनच मला वाटलं, त्यात काही अर्थ नसणार."