जयाच्या नजरेस पडू नये म्हणून

४ मे १९८६, रविवार
काल संध्याकाळी शेजारच्या नव्या बिल्डिंगची पाण्याची टाकी कोसळली. खाली आमच्या चाळीतली माणसं बालद्या घेऊन रांगेत उभी होती. पाच गेले. त्यात पलीकडच्या खोलीतल्या जयाचा नवरा, दशरथ. पंचविशीची पोर, मला काकी म्हणते. सुतकात तिच्याकडे चूल पेटायची नाही. तेराव्यापर्यंत भाकरी माझ्याकडून, असं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. देवापुढचा दिवा दिवसभर तेवत ठेवला. तेल गेलं, पण अशा वेळी बघू नये.

६ मे, मंगळवार
हे ऑफिसातून कोणाचा तरी वाचून झालेला संध्याकाळचा पेपर आणतात. विकत कशाला घ्यायचा? आज पहिल्या पानावर व्यंगचित्र. फुटकी टाकी, ढिगाऱ्यातून वर आलेले पाय, पालथ्या बालद्या. बाजूला सफारीतला बिल्डर छत्री धरून म्हणतोय, 'पाणी पाणी करत होता ना? घ्या, घरपोच!'
मला हसू आलं. म्हणजे हसू नव्हे, ठसका लागला. मग संताप आला. माणसं मेली त्याची मस्करी?
निश्चय पहिला: हे चित्र जयाच्या नजरेस पडू द्यायचं नाही. ती घराबाहेर पडत नाही, तिच्याकडे पेपर येत नाही. आपणच सांभाळायचं.
निश्चय दुसरा: पेपरला माफी मागायला लावायची. मॅट्रिक झाले ती काय नुसत्या भाकऱ्या थापायला?

७ मे, बुधवार
अर्ज लिहिला. चित्र कापून पुठ्ठ्यावर चिकटवलं, म्हणजे लांबूनही नीट दिसेल. भजनी मंडळात फिरवलं. शांताबाईंनी बघितलं आणि तोंडाला पदर लावला. खांदे हलत होते. रडतात असं समजून मी पाठीवरून हात फिरवला. हसत होत्या. सही मात्र दिली.
चाळीतलीच प्रेमा म्हणाली, "नलू, आम्ही तो पेपर घेतच नाही गं. तू आणलंस म्हणून बघायला मिळालं."
जळते. मॅट्रिकला दोनदा बसली होती.

९ मे, शुक्रवार
सह्यांसाठी जयाची सोडून चाळीतल्या सगळ्या खोल्या झाल्या. सकाळी नळाला पाणी आलं तर गॅलरीत पोरं ओरडत होती, "घ्या, घरपोच!" कुठून शिकतात कोण जाणे. टीव्हीने वाट लावली आहे. आमची शकु म्हणाली, "आई, तुझा पुठ्ठा बघितल्यापासून ओरडतायत." तिला भांडी घासायला बसवलं. आईला उलट बोलते.
जयाने भाकरी घेताना विचारलं, "काकी, पोरं काय ओरडतात?"
म्हटलं, पाणी आलं म्हणून.
चित्र अजून तिला दिसलेलं नाही. माझी दक्षता.

१० मे, शनिवार
पेपरच्या ऑफिसात जाऊन आले. नंदकुमार म्हणून एक तरुण उपसंपादक. अर्ज वाचला, चहा मागवला. म्हणाला, "काकू, चित्र मेलेल्यांवर नाही, बिल्डरवर आहे. आम्ही गप्प बसलो तर तो उद्या दुसरी टाकी अशीच बांधेल."
मी विचारलं, "मग पाय कशाला काढलेत?"
तो म्हणाला, "पाय नसते तर कोणी बघितलं असतं का?"
निर्लज्ज! मी चांगलं सुनावलं. त्यावर म्हणाला, सह्या राहू द्या, पत्र लिहा, छापतो. अक्षर सुरेख आहे म्हणाला. माणूस तसा वाईट नाही. संगत वाईट.

११ मे, रविवार
पत्र लिहिलं. जयाचं नाव, खोलीनंबर, दशरथची बालदी, ती बेशुद्ध कशी पडली, सगळं घातलं. ह्यांनी वाचलं. म्हणाले, "तिचं नाव काढ. निदान तिला विचार तरी."
दुःखातल्या माणसाला काय विचारायचं? आणि नाव नसेल तर कोण वाचेल? ह्यांना लिखाणातलं कळत नाही. देवाच्या पायाशी ठेवून पोस्टात टाकलं.

१३ मे, मंगळवार, दुपार
छापलं! चार रकाने, खाली माझं नाव. वाचकांना संदर्भ कळावा म्हणून चित्रही पुन्हा छापलंय, आधीपेक्षा मोठं. त्याला माझा इलाज नाही. माफी नाही, पण तीही येईल. आज पेपर विकत घेतला, दोन प्रती. एक जयासाठी. तिच्यासाठी कोणीतरी लढतंय हे तिला कळलं पाहिजे. चित्राची बाजू आत दुमडून नेते.

१३ मे, संध्याकाळ
तिने घडी उघडली. मी पत्रावर बोट ठेवलं होतं, तरी उघडली.
बराच वेळ बघत बसली. रडली नाही. मग म्हणाली, "काकी, यात आमचे कुठले?"
विचारलं म्हणून मी दाखवले. कडेचे दोन पाय, त्यातल्या त्यात नीट काढलेले. काहीतरी उत्तर द्यायला नको?
जया म्हणाली, "नाही. ह्यांच्या पायात चप्पल होती."
मी पेपरची घडी परत घालायला घेतली.
"पोरं हेच ओरडतात ना? सगळ्यांनी बघितलंय?"
मी म्हटलं, सह्यांसाठी दाखवावं लागलं गं, तुझ्यासाठीच.
"पेपरवाल्याला आम्ही माहीत नव्हतो, काकी. तुम्हाला माहीत होतो."
दुःखात माणूस काहीही बोलतो. मनावर घ्यायचं नाही असं ठरवलं आहे.

१४ मे, बुधवार
भाकरी नेली. दार उघडलं नाही. झोपली असेल. भाकरी आम्हीच खाल्ली.

१५ मे, गुरुवार
दशरथचं तेरावं. चाळीतल्या प्रत्येक घराला जेवणाचं बोलावणं. प्रेमालासुद्धा. आमच्याकडे बोलवायला कोणी आलं नाही. हे दुपारपर्यंत शर्ट घालून बसले होते. शेवटी मी वरणभात लावला. जयाला वाटलं असेल, गुरुवार, काकींचा उपवास असेल.
माझा उपवास सोमवारी असतो. तिला ठाऊक आहे.